घेवड्याच्या शेतातील आगंतुक

शेतात पिकलेला प्रत्येक दाणा शेतकऱ्याच्या घरी येत नाही. काही दाणे कापणीपूर्वीच वाऱ्याने झडतात, काही विळ्याच्या हिसक्याने गळतात, काही पेंढ्या वाहून नेताना वाटेत सांडतात, तर काही मळणीयंत्राच्या भुशाबरोबर निघून जातात. चिमण्या, मुंग्या व उंदीर आपापला वाटा उचलतात. त्यांतूनही जे उरतात, ते मातीत पडून राहतात आणि पहिला ओलावा मिळताच उगवतात. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल, म्हणून एक साधा हिशेब करून पाहावा. हेक्टरी चाळीस क्विंटल गहू पिकला व त्यातला केवळ एक क्विंटल शेतात सांडला, असे समजू. गव्हाच्या एका दाण्याचे वजन सरासरी ४० मिलिग्रॅम धरले, तर हे पंचवीस लाख दाणे झाले. म्हणजे दर चौरस मीटरला २५० दाणे. गहू पेरण्यासाठी शेतकरी जे बी वापरतो तेही हेक्टरी सुमारे एक क्विंटलच असते. तेव्हा ज्याला आपण किरकोळ सांडलवंड म्हणतो, ती वस्तुतः एक संपूर्ण पेरणीच असते. फरक एवढाच की, ती कोणी सांगितलेली नसते.

ह्या न सांगता झालेल्या पेरणीतून उगवणाऱ्या रोपांना इंग्रजी शेतकीशास्त्रात जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वयंसेवक’ असा होतो. अनुवादकाने तो तसाच उचलला असता, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर काठी व शिट्टी घेतलेला एखादा गणवेशधारी उभा राहिला असता. शिवाय ही रोपे सेवा करावयास येतात, असेही नव्हे. ती न बोलावता येतात, दुसऱ्यासाठी वाढलेल्या ताटावर बसतात, आणि एकदा मुळे रोवली की लवकर जात नाहीत. म्हणून येथे त्यांना ‘आगंतुक’ म्हटले आहे. आगंतुक रोप हे जातीने तण नव्हे. मागच्या हंगामात तेच मालकाचे लाडके पीक होते व त्याच शेतात त्याला खतपाणी मिळाले होते. केवळ हंगाम बदलला, शेजार बदलला, म्हणून ते नकोसे झाले.

हा प्रश्न घेवडावर्गीय पिकांत कसा उभा राहतो, हे समजून घेण्यास वाराणसीचा परिसर सोयीचा आहे. तेथील हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना १९१६ सालची. शेतकी संशोधनाची स्वतंत्र संस्था तेथे १९३१ साली सुरू झाली. शहराच्या नैर्ऋत्येस, मिर्झापूरकडील बाजूस, भारतीय भाजीपाला अनुसंधान संस्था आहे. १९९२ साली वाराणसीत आलेल्या प्रकल्प संचालनालयाला १९९९ साली संस्थेचे रूप मिळाले. ‘काशी कांचन’ ही चवळीची बुटकी जात ह्याच संस्थेने दिली. ज्याला आपल्याकडे घेवड्याचे दाणे व उत्तरेत राजमा म्हणतात, ते पीक पूर्वी हिमालयाच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात होत असे. ते गंगेच्या मैदानात हिवाळ्यात घेता येते, हे ध्यानात आल्यावर विश्वविद्यालयाने ‘मालवीय १५’ व ‘मालवीय १३७’ ह्या जाती काढल्या. पहिलीचा दाणा पांढरा, दुसरीचा लाल. ह्या रंगभेदाचे काम पुढे पडणार आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्याच घेवड्याचा एक भाऊ परिचयाचा असेल. साताऱ्यातील कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा, ज्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात व ज्याला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही ह्याच जातकुळीचा होय.

वाराणसीकडे राजमा ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्याआधी शेतात बहुधा धान, म्हणजे भात, उभे असते. भातकापणी व राजम्याची पेरणी ह्यांत फार थोडे दिवस मिळतात. जमीन ओली करण्यासाठी पाणी सोडावे लागते; त्याला तिकडे ‘पलेवा’ म्हणतात. वाफसा आला की नांगरून पेरणी होते. परंतु हे पाणी राजम्यासाठी सोडलेले आहे, हे सांडलेल्या भाताला कोण सांगणार? तेही उगवते. पुढे डिसेंबर-जानेवारीत वाराणसीचे रात्रीचे तपमान आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, दिवसचे दिवस धुके राहते, आणि उष्णतेची सवय असलेले भाताचे रोप पिवळे पडून खुरटते. ह्यावरून कोणी म्हणेल की, मग चिंता कशाची? चिंता अशी की, राजम्याला तणांचा जाच सर्वांत अधिक होतो तो पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत. आणि थंडी कडक होण्यापूर्वीचे नेमके तेच दिवस आगंतुकाला मोकळे मिळतात. भाताऐवजी आधी मका वा बाजरी असेल, तर पाने मोठी व सावली अधिक. जाच त्या मानाने वाढतो.

राजम्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आगंतुकांच्या पथ्यावर पडते. हरभरा, वाटाणा, तूर इत्यादी द्विदल पिके आपल्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवितात. त्यामुळे त्यांना नत्रखत थोडेच द्यावे लागते, आणि त्यांच्यात उगवलेल्या तृणधान्याच्या रोपाची थोडीफार उपासमार होते. मैदानी प्रदेशात राजम्याच्या मुळांवर ह्या गाठी नीट धरत नाहीत. म्हणून त्याला हेक्टरी ९० ते १२० किलोग्रॅम नत्र द्यावे लागते, म्हणजे जवळजवळ गव्हाइतके. अशा शेतात सापडलेल्या भाताच्या, मक्याच्या वा गव्हाच्या रोपाला सासरी आल्याऐवजी माहेरी आल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

गव्हाचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा करणे अवश्य आहे. एप्रिलमध्ये सांडलेला गहू नोव्हेंबरच्या राजम्यात क्वचितच दिसतो. जूनच्या पहिल्या पावसात त्यातले बहुतेक दाणे उगवतात आणि भातलावणीच्या चिखलणीत गाडले जाऊन कुजतात. भातखाचरातील चिखल हे एक जुने व अत्यंत प्रभावी तणनाशक आहे; त्याची किंमत कोणी बाटलीवर छापलेली नसते, इतकेच. राजम्यात गहू येतो तो अन्य मार्गांनी: अर्धवट कुजलेल्या शेणखतातून, भुशातून, किंवा भेसळीच्या बियाण्यातून. याउलट गहू कापून लगेच उन्हाळी मूग वा चवळी पेरली, तर पहिल्या पाण्याबरोबर आदल्या पिकाचे दाणे उगवतात. एप्रिलच्या उन्हात ते फार फोफावत नाहीत, पण ओळीतल्या कोवळ्या रोपांचा ओलावा मात्र घेतात.

आगंतुकांचा दुसरा उपद्रव सूक्ष्म आहे. पीक शेतात नसतानाही त्याचे रोग व किडी जिवंत राहावयाच्या असतील, तर त्यांना कोठेतरी हिरवा आसरा हवा असतो. आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ प्राध्यापक करमचंद मेहता ह्यांनी गव्हावरील तांबेरा ह्या रोगाचा अनेक वर्षे माग काढला व त्यांचा प्रबंध १९४० साली प्रसिद्ध झाला. उत्तरेच्या मैदानातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरू शकत नाहीत. मग दर हिवाळ्यात रोग येतो कोठून? मेहतांनी दाखवून दिले की, थंड डोंगराळ भागांत अवेळी पेरलेल्या व आपोआप उगवलेल्या गव्हावर तो उन्हाळा काढतो, आणि तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. कोणाच्याही खिजगणतीत नसलेली, बांधावर उगवलेली चार रोपे शेकडो कोसांवरील पिकाच्या भवितव्याशी अशी बांधलेली होती.

आता उपायांकडे वळू. खुरपणी हा सर्वांत जुना उपाय होय, आणि वाराणसीच्या शेतांत आजही तो बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी होतो. त्या तण उपटतात, त्यातला चाकवत, ज्याला तिकडे बथुआ म्हणतात, भाजीसाठी निवडून बाजूला ठेवतात, गवत जनावरांना नेतात. तणनाशकाच्या बाजूने व विरुद्ध जे बोलले जाते त्यात ही टोपली सहसा हिशेबात धरली जात नाही. फवारलेल्या शेतातील भाजी खाण्याजोगी राहत नाही व चाराही लगेच वापरता येत नाही. ज्या घरात ती टोपली रोज रिकामी होत असे, त्या घराला हे नुकसान खरेच असते. दुसऱ्या बाजूने, नेमक्या खुरपणीच्या दिवसांत भातकापणी, मळणी व गव्हाची पेरणी एकदमच येतात, मजूर मिळत नाहीत, आणि आठ-दहा दिवसांची दिरंगाई पुढे भरून निघत नाही. तणनाशकाकडे शेतकरी वळतो तो आळसाने नव्हे, ह्या कोंडीने.

तणनाशकांचे विज्ञान मुळात विवेकाचे विज्ञान आहे: एकाच फवाऱ्याखाली एक वनस्पती मरावी व दुसरी जगावी, असा भेद घडवून आणावयाचा असतो. भारतात ह्याची सुरुवात १९३७ साली पंजाबात झाली. तेथे काटेरी रानकरडईवर सोडियम आर्सेनाइट ह्या जहाल विषाचा प्रयोग करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टू-फोर-डी ह्या द्रव्याचा गुण उमगला व १९४६ साली ते भारतात आले. हे द्रव्य रुंद पानांच्या वनस्पती मारते व गवताच्या कुळातील पिकांना सोडून देते. गहू उत्पादकाला ते वरदान वाटले. घेवड्याच्या शेतात मात्र त्याचा उलटा परिणाम होतो: आगंतुक गहू टिकतो व घेवड्याचे देठ पिळवटून तो मरतो. घेवड्यासाठी नेमका विरुद्ध स्वभावाचा पदार्थ हवा होता.

तो मिळण्यास काही दशके लागली. क्विझालोफॉप, फ्लुआझिफॉप, प्रोपाक्विझाफॉप व त्यांचे दूरचे नातलग क्लेथोडिम ही द्रव्ये ह्या गटातली. त्यांचे कार्य मोठे मनोवेधक आहे. प्रत्येक जिवंत पेशीला आपली पटले बांधण्यासाठी स्निग्धाम्ले लागतात, आणि ती तयार करण्याची पहिली पायरी एका विकराच्या हाती असते. गवतकुळात हा विकर एकसंध, अखंड घडणीचा असतो. बहुतेक द्विदल वनस्पतींच्या हरितलवकांत तेच काम अनेक सुटे भाग जोडून झालेला, निराळ्या घडणीचा विकर करतो. वरील द्रव्ये पहिल्यात नेमकी अडकून बसतात, दुसऱ्यात त्यांना जागाच सापडत नाही. एकाच कुलपासाठी घडविलेली ही किल्ली आहे. पानावर पडलेला थेंब आत शिरतो, रसवाहिन्यांतून वाढीच्या कोंबाकडे जातो, आणि तेथे नवी पेशी तयार होणे थांबते. वरून मात्र आठवडाभर काहीच झाले नाही असे वाटते. मग मधले पान धरून हलकेच ओढले असता ते अलगद हातात येते; त्याचा बुडखा तपकिरी व कुजलेला असतो. पूर्ण मरण्यास दोन-तीन आठवडे लागतात. ही सावकाश क्रिया ठाऊक नसल्यामुळे औषध लागले नाही असे समजून दुसरा फवारा मारणारे पुष्कळ आहेत.

फवारणीची वेळ आगंतुकाला दोन ते चार पाने असताना, पेरणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांच्या सुमारास चांगली. रोप वाढत असेल तरच द्रव्य कोंबापर्यंत पोहोचते. कोरड्या जमिनीत किंवा धुक्याने गारठलेल्या दिवसांत परिणाम मंदावतो. म्हणून जमिनीत ओल असताना व थंडी कडक होण्यापूर्वी ते काम आटोपणे बरे. ही द्रव्ये लागतातही किती थोडी! सोयाबीनसारख्या पिकात क्विझालोफॉपचा सक्रिय अंश हेक्टरी सुमारे ५० ग्रॅम पुरतो.

पेरणीनंतर व उगवणीपूर्वी जमिनीवर फवारावयाचे पेंडिमेथॅलिन हे द्रव्यही राजम्यात वापरले जाते. त्याने बारीक बियांची तणे चांगली आवरतात. पण तेच द्रव्य गव्हातील तणांसाठीही वापरतात, ही गोष्ट विसरू नये. जे गव्हाला इजा न करता गव्हात वापरता येते, ते राजम्यातील गव्हाला काय करणार? शिवाय ते मातीच्या वरच्या पातळ थरात राहते, आणि तीन-चार बोटे खोल पडलेला जाड दाणा त्याच्याखालून सुखरूप वर येतो.

आगंतुक गवतकुळातला आहे तोवर हे सारे ठीक चालते. तो मोहरीचा असेल, तर अडचण वाढते, कारण मोहरीही द्विदल आहे आणि वरील किल्ली तिच्या कुलपाला लागत नाही. मोहरीवर्गातील बी खोल गाडले गेले की अंधारात सुप्तावस्थेत जाते व पुढे कधीतरी नांगराबरोबर वर येऊन उगवते. म्हणून मोहरी निघाल्यावर लगेच खोल नांगरट करण्याऐवजी सांडलेले बी काही दिवस वरच राहू देणे शहाणपणाचे. अमेरिकेत घेवड्याच्या शेतात बेंटाझोनसारखी द्रव्ये वापरतात. ती घेवड्याच्याही पानात शिरतात, पण घेवडा त्यांचे विघटन करून ती पचवितो आणि मोहरीला ते साधत नाही. ही सुटका कुलपाच्या घडणीमुळे नव्हे, तर पचनशक्तीमुळे होते. म्हणून ती पीक अशक्त असताना, उन्हात वा थंडीत, कमी पडू शकते. बेंटाझोन व गवतनाशक एकत्र फवारले, तर गवतनाशकाचा जोर कमी होतो, हाही अनुभव आहे.

आगंतुक आणखी जवळचा नातलग असेल, तर रसायनशास्त्र हात टेकते. मराठवाड्यात अलीकडे सोयाबीन निघाल्यावर रब्बीत राजमा घेण्याचा प्रघात वाढला आहे. शेंगा तडकून सांडलेले सोयाबीन राजम्यात उगवते. दोघेही एकाच शिंबावंत कुळातले. राजम्याला सोडणारी द्रव्ये बहुधा सोयाबीनलाही सोडतात, कारण त्यांपैकी कित्येक मुळात सोयाबीनसाठीच बाजारात आली. तेथे खुरप्यावाचून मार्ग नाही, अथवा पेरणीपूर्वी एक पाणी देऊन सोयाबीन उगवू द्यावे व कुळवाच्या पाळीने मोडावे. ह्यात आठ-दहा दिवस जातात. परंतु ज्याच्याजवळ ते आहेत, त्याला हा खर्च फवाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो.

पिकांनाच तणनाशक सोसण्याची शक्ती दिली, तर काय होते, हे उत्तर अमेरिकेत दिसून आले. तेथे ग्लायफोसेट सोसणारा मका पेरला जाऊ लागल्यावर सांडलेल्या मक्याची रोपे ग्लायफोसेटला जुमानीनाशी झाली, आणि नंतरच्या घेवडा-सोयाबीनमध्ये गवतनाशके वापरावी लागली. पुढे ‘फॉप’ गटही सोसणारा मका आला. तेव्हा त्याच्या आगंतुकांसाठी क्लेथोडिमच उरले. भारतात असा मका पेरण्यास परवानगी नाही. पण दिल्लीच्या पुसा संस्थेने पारंपरिक पैदाशीने काढलेल्या, इमाझेथापिर सोसणाऱ्या बासमतीच्या दोन जाती २०२४ साली लागवडीसाठी दिल्या. इमाझेथापिर हे तणनाशक द्विदल पिकांतही वापरले जाते. ज्या शेतात आधी अशी बासमती व नंतर द्विदल पीक असेल, तेथे सांडलेल्या भातावर हे औषध चालणार नाही, ही गोष्ट पेरणीआधीच ध्यानात ठेवलेली बरी.

तणेही स्वस्थ बसत नाहीत. हरियाना व पंजाबात गव्हातील ‘गेहूं का मामा’ नावाने ओळखले जाणारे गवत १९९०च्या दशकाच्या आरंभी आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले, आणि पुढे त्याच्या काही वंशांनी फॉप गटालाही झुगारले. एकाच किल्लीवर वर्षानुवर्षे विसंबण्याचा हा परिणाम होता.

फवारणीच्या कामात दोन चुका वारंवार होतात. वाराणसीकडील शेते लहान. राजम्याच्या बांधाला लागून गहू असतो. गवतनाशकाचा फवारा वाऱ्याने पलीकडे गेला की शेजाऱ्याच्या गव्हाचा पट्टा पंधरा दिवसांनी वाळतो. फवारणाऱ्याला तोवर त्या दिवसाचा वारा आठवतही नाही. दुसरी चूक पंपाची. गव्हात टू-फोर-डी फवारलेला पाठीवरचा पंप नुसता विसळून राजम्यात वापरला, तर तळाशी राहिलेल्या अंशानेही राजम्याची कोवळी पाने मुरडतात. तणनाशकासाठी पंप वेगळाच ठेवावा. त्याचे तोंड पट्ट्यासारखा फवारा देणारे असावे व ते गुडघ्याच्या उंचीवर धरावे.

१९६८च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत तणनाशकेही येतात. त्या कायद्याखाली प्रत्येक औषधाची नोंदणी विशिष्ट पिकासाठी होते. बाटलीच्या चिठ्ठीवर ज्या पिकाचे नाव नाही, त्या पिकात ते औषध वापरू नये. सोयाबीनसाठी चालते म्हणून राजम्यासाठी चालेल, असा तर्क दुकानदाराने केला तरी आपण करू नये. चिठ्ठीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने दाखवितो. आधीच्या पिकाची चिठ्ठीही वाचणे बरे: मक्यात वापरलेले अॅट्राझीन जमिनीत रेंगाळले, तर पुढच्या राजम्याला बाधते.

आता पांढऱ्या व लाल दाण्यांकडे येऊ. ज्या शेतात गेल्या वर्षी लाल राजमा होता, तेथे यंदा पांढऱ्याचे बियाणे करावयाचे ठरविले, आणि सांडलेल्या लाल दाण्यांतून काही झाडे उगवली, तर ह्या दोघांत भेद करणारे तणनाशक कोणीही शोधलेले नाही, कारण वनस्पती एकच आहे. बीजप्रमाणनाच्या नियमांत घेवड्याच्या पायाभूत बियाण्यासाठी इतर जातींपासून दहा मीटर व प्रमाणित बियाण्यासाठी पाच मीटर अंतर सांगितले आहे. पण त्याच्याही आधीची अट अशी की, ज्या जमिनीत बियाणे करावयाचे ती आगंतुक रोपांपासून मुक्त असावी. दहा मीटरांपलीकडील परका ओळखता येतो, परंतु ओळीतच उभा असलेला ओळखण्यासाठी फुलोऱ्याची वाट पाहावी लागते. पांढऱ्या दाण्याच्या घेवड्याला पांढरीच फुले येतात. तेव्हा पांढऱ्या फुलांच्या शेतात एखादे गुलाबी वा जांभळट फूल दिसले, की ते झाड मुळासकट उपटावयाचे. काही रंगीत जातींनाही पांढरे फूल येते. ती झाडे ह्या तपासणीतून निसटतात व शेंग वाळल्यावर, दाणा हातात घेतल्यावरच सापडतात. म्हणून बियाण्याच्या शेतातून एकदा फुलोऱ्यात आणि एकदा कापणीपूर्वी, ओळीओळीने, सकाळच्या उन्हात सूर्य पाठीशी घेऊन चालावे लागते. उपटलेले झाड बांधावर टाकीत नाहीत. पोत्यात घालून शेताबाहेर नेतात, कारण त्याच्या शेंगांत पुढच्या हंगामाचे आगंतुक असतात.